मंगळवारी रुसणारे यंत्र

मंगळवारी नखे काढू नयेत, मंगळवारी उसने पैसे देऊ नयेत, असे बजावणारी वडीलधारी मंडळी अजून पुष्कळ घरांत आहेत. परंतु मंगळवारी कागद छापू नये, असा नियम मात्र कोणत्याही पंचांगात आढळणार नाही. तरीही २००८-०९ च्या सुमारास एका घरातील संगणक हा नियम मोठ्या निष्ठेने पाळीत होता! त्या घरातील बाईंनी नवऱ्याकडे तक्रार केली, की ओपन-ऑफिसमध्ये लिहिलेले कागद मंगळवारी काही केल्या छापले जात नाहीत. सोमवारी छापले जातात, बुधवारी छापले जातात. मंगळवार आला, की यंत्र रुसून बसते.

अशी तक्रार ऐकून कोणता नवरा हसणार नाही? पण या गृहस्थांनी एक शहाणपणा केला. त्यांनी पडताळा घेतला आणि बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. त्यांच्या संगणकावर 'उबुंटू' नावाची लिनक्सची एक आवृत्ती होती. उबुंटूच्या चुकांची जी सार्वजनिक नोंदवही आहे, तीत त्यांनी ही हकीगत लिहून टाकली. शोध घेता घेता जे निघाले, ते कोणत्याही रहस्यकथेत शोभावे असे होते.

संगणकात 'फाइल' याच नावाची एक छोटी आज्ञावली असते. समोर आलेला दस्तऐवज कोणत्या जातीचा आहे, हे त्याच्या खाणाखुणांवरून ओळखणे, एवढेच तिचे काम. टपाल कचेरीत पत्रे निवडणारा कारकून जसा शिक्का पाहून पत्र त्या त्या खणात टाकतो, तसेच हे. या कारकुनाजवळ खुणांची एक लांबलचक यादी असते. तीत 'एरलांग' नावाच्या एका संगणकभाषेच्या फायलींची खूण दिली होती. ती खूण म्हणजे १९९१ सालच्या २२ जानेवारीची इंग्रजीत लिहिलेली पूर्ण तारीख. त्या दिवशी मंगळवार होता, म्हणून तारखेच्या आरंभी 'ट्यू' ही मंगळवारची तीन अक्षरे होती. आता, खुणेत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असेल, तर ती खुणेचाच भाग आहे हे यादीत विशिष्ट चिन्हाने दाखवावे लागते. ते चिन्ह द्यायचे राहून गेले. परिणामी सबंध तारीख ही खूण न राहता नुसता 'ट्यू' एवढाच शब्द खूण ठरला! इकडे छपाईसाठी निघालेल्या कागदाच्या माथ्यावर त्या दिवसाचा वार आणि तारीख लिहिली जात असे. मंगळवारी नेमकी तीच तीन अक्षरे नेमक्या त्याच जागी पडत. कारकून म्हणे, हा कागद छपाईचा नव्हे, हा तर एरलांगचा. आणि कागद वाटेतच अडे.

मोकळ्या जागेचे एक चिन्ह राहिले आणि कुठल्याशा घरातला मंगळवार वाया गेला. वाचकहो, यात कौतुक कोणाचे करावे? दुरुस्ती करणाऱ्याचे तर करावेच. पण माझ्या मते पहिला मान त्या बाईंचा. 'यंत्र कधी कधी चालत नाही' असे म्हणणारी माणसे हजारो असतात. 'मंगळवारी चालत नाही' असे म्हणणारे माणूस एखादेच. एरवी यंत्र रुसले, की आपण ते पुसतो, बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणाला तरी बोलावून सारे पुन्हा नव्याने बसवून घेतो. तेवढ्यात बुधवार उजाडतो, यंत्र चालू लागते आणि दुरुस्तीचे श्रेय त्या खटाटोपाला मिळते!

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाच्या घराचा कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणी केव्हा जेवायचे, कोणाला किती जागा द्यायची, दाराशी आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे एकत्र कुटुंबातली कर्ती बाई जशी ठरवते, तशीच ही संगणकातील कामांची व्यवस्था लावते. लिनक्स हा अशा कारभाराचा गाभा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी संगणकावरील एका चर्चामंडळात लिहून कळवले, की आपण केवळ हौसेखातर अशी एक प्रणाली रचीत आहोत. त्या वेळी 'मिनिक्स' नावाची प्रणाली विद्यार्थ्यांत परिचित होती. तिच्यातील तुम्हाला काय आवडते, काय आवडत नाही, ते सांगा, अशी विनंतीही त्याने त्याच पत्रात केली. म्हणजे लिनक्सचे बारसे झाले तेच मुळी 'चुका सांगा' या आमंत्रणाने.

पुढे १९९२ साली त्याने ही प्रणाली मुक्त परवान्याखाली आणली. तिचे मूळ लेखन कोणीही वाचावे, सुधारावे, वाटावे, अशी मोकळीक त्या परवान्याने मिळाली. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन असतो, त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातील पाचशे सर्वांत बलाढ्य महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तीतील एकूण एक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. तेव्हा 'आमचा काय संबंध?' असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

या गाभ्याभोवती निरनिराळ्या आज्ञावल्या रचून जे पूर्ण घर बांधतात, त्या घराला वितरण म्हणतात. १९९३ साली इयन मर्डॉक याने आरंभलेले डेबियन, २००४ साली निघालेले उबुंटू, ही त्यांतील प्रसिद्ध नावे. डेबियनची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या मंडळींनी १९९७ साली आपल्या वापरकर्त्यांशी एक जाहीर करार केला. त्यातील एक कलम असे, की आम्ही आमचे दोष लपवणार नाही. चुकांची नोंदवही सदैव सर्वांना खुली राहील. आपल्याकडे दुकानाच्या भिंतीवर 'गिऱ्हाईक हाच देव' अशी पाटी असते आणि तक्रारवही कुलपात असते. तक्रारवही चौकात मांडणारा दुकानदार विरळाच!

ढेकूण आणि मुद्राराक्षस

संगणकातील चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा. आमच्या चाळीत वाढलेल्या मनाला ढेकूणच आठवायचा! हा शब्द संगणकाहून जुना आहे. एडिसनने १८७८ साली एका पत्रात यंत्रातील बारीकसारीक अडचणींना हाच शब्द वापरला होता. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क टू' या अजस्र गणकयंत्रात खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि शेजारी शेरा मारला. ग्रेस हॉपर या विदुषी ही गोष्ट रंगवून सांगत, त्यामुळे ती जगभर पसरली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालयात आहे.

ढेकणाची उपमा एका बाबतीत फार चपखल आहे. दिवा लावला, की तो नाहीसा होतो. 'अहो, आत्ताच चावत होता!' असे आपण म्हणतो आणि बघणारा संशयाने आपल्याचकडे पाहतो. संगणकातील काही चुका अशाच: तपासायला बसावे, तर सारे सुरळीत चालते.

पण मराठीच्या मास्तराला ढेकणापेक्षा दुसरा शब्द अधिक जवळचा वाटेल, तो म्हणजे मुद्राराक्षस. पुस्तक कितीही काळजीने छापले, तरी हा राक्षस कुठे तरी दात काढतोच. त्यावर जुन्या प्रकाशकांनी शोधलेला उतारा म्हणजे शेवटच्या पानावरचे शुद्धिपत्र. त्यात चार रकाने असत: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. लिनक्समधील चूक कशी कळवावी, यावर लोकांनी लांबलचक निबंध लिहिले आहेत. सायमन टॅथम या ब्रिटिश आज्ञावलीकाराने १९९९ साली लिहिलेला निबंध त्यांत विशेष गाजला. त्या सर्वांचे सार काढले, तर आपल्या शुद्धिपत्राचे चार रकानेच हाती येतात.

चूक कशी कळवावी?

समजा, तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि आवाज येईनासा झाला. आता हे पत्र पाहा: 'आवाज बंद पडला आहे. दोन दिवस हैराण झालो. त्वरित दुरुस्त करावे.' हे म्हणजे प्रकाशकाला 'तुमच्या पुस्तकात चुका आहेत' एवढेच कळवण्यासारखे. पत्र खोटे नाही. पण निरुपयोगी आहे.

आता दुसरे पत्र पाहा: 'अमुक कंपनीचा, अमुक नमुन्याचा लॅपटॉप. उबुंटूची अमुक आवृत्ती, गाभ्याचा क्रमांक अमुक. गाणे चालू असताना झाकण मिटवले, दोन मिनिटांनी उघडले. गाणे पुन्हा ऐकू यावे, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज येत नाही. कानाला लावायच्या हेडफोनमधून मात्र येतो. दहा वेळा करून पाहिले, दहाही वेळा असेच झाले. यंत्र बंद करून सुरू केले, की आवाज परत येतो. मागच्या आठवड्यात नवीन आवृत्ती घेण्यापूर्वी असे होत नव्हते.'

या पत्रात एकही अवघड शब्द नाही. परंतु पान कोणते (यंत्र आणि आवृत्ती), ओळ कोणती (काय काय केले, त्याच क्रमाने), अशुद्ध काय (जे घडले) आणि शुद्ध काय (जे घडायला हवे होते), हे चारही रकाने भरलेले आहेत. ते वाचणारा हजार कोसांवर बसलेला माणूस आपल्या यंत्रावर तीच चूक पुन्हा घडवून पाहू शकतो. चूक हवी तेव्हा घडवता आली, की ती निम्मी पकडलीच म्हणून समजा. तिने पाहिलेला मंगळवार हा असाच भरलेला 'ओळ' रकाना होता.

आणखी दोन पथ्ये. पाहिलेले आणि तर्क केलेले यांची सरमिसळ करू नये. 'आवाजाची आज्ञावली बिघडली आहे' हा तर्क. 'स्पीकरमधून येत नाही, हेडफोनमधून येतो' हे पाहिलेले. तर्क अवश्य लिहावा, पण तर्क म्हणून लिहावा. दुसरे असे, की यंत्राने पडद्यावर जो संदेश दिला असेल, तो जसाच्या तसा उतरवावा. 'काही तरी एरर आला' असे लिहिणे म्हणजे साक्षीदाराने 'कोणी तरी काही तरी बोलला' असे सांगणे.

घरचा तपास

पत्र लिहिण्यापूर्वी घरच्या घरी थोडा तपासही करता येतो. व्यापाऱ्याच्या दुकानात जशी रोजकीर्द असते, तशी लिनक्सही आपली रोजकीर्द ठेवतो. कोणत्या क्षणी कोणी काय केले, कोठे अडले, हे सारे तीत उतरत असते. ती वाचण्याच्या आज्ञेचे नावच 'जर्नल' या शब्दावरून पडले आहे. गाभ्याला स्वतःचीच मोठी चूक उमगली, तर तो या वहीत 'ऊप्स' असे लिहून ठेवतो! ज्या मिनिटाला बिघाड झाला, त्या मिनिटाच्या आगेमागे कीर्दीत काय लिहिले आहे, ते काढून पत्रासोबत जोडावे. मात्र चव्हाट्यावर ठेवण्यापूर्वी तीत आपले नाव, पत्ता किंवा संकेतशब्द तर राहिले नाहीत ना, हे डोळ्यांखालून घालावे.

मग दोषाची जागा आखडत न्यावी. संगणकावर दुसरे कोरे खाते उघडून पाहावे. तेथे बिघाड नसेल, तर दोष आपल्याच मांडणीत आहे. यंत्र सुरू होताना गाभ्याची मागची आवृत्ती निवडता येते. तिच्यात सारे नीट चालले, तर दोष नव्या आवृत्तीबरोबर आला. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावा. तेथेही तोच बिघाड दिसला, तर आपली मांडणी निर्दोष ठरते. मग संशय गाभ्यावर किंवा यंत्राच्या हाडामांसावर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे सर्वांत मोठे पथ्य. आमटीत मीठ, गूळ आणि चिंच एकदम घातल्यावर चव कशाने बिघडली, हे अन्नपूर्णेलाही सांगता येणार नाही. आणि कोणी तरी कोठे तरी सांगितलेली आज्ञा, तिचा अर्थ न कळता, सर्वाधिकार देऊन चालवणे म्हणजे वाटसरूच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देणे.

तज्ज्ञ मंडळी याच रीतीने मोठ्या चुका शोधतात. दिवाळीच्या दिव्यांच्या माळेत कोठे तार तुटली आहे, हे पाहताना जाणता वायरमन एकेक दिवा तपासत बसत नाही. मधोमध तपासतो; दोष अलीकडे की पलीकडे, ते ठरवतो; उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करतो. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येकीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतला चूक घडवणारा नेमका बदल कोणता? सोळा हजार बदल असले, तरी अशी निमपट चौदा वेळा केली, की एकच बदल हाती उरतो. टोरवाल्ड्सने २००५ साली बदलांची नोंद ठेवण्यासाठी 'गिट' नावाचे साधन रचले. त्यात ही निमपट करण्याची सोयच करून ठेवली आहे.

पत्र पोचल्यानंतर

डेबियनच्या नोंदवहीत प्रत्येक चुकीला क्रमांक मिळतो आणि तिची प्रतवारी होते. सात पायऱ्या आहेत. सारे यंत्रच कोलमडवणारी, माहिती नष्ट करणारी चूक सर्वांत वर; मग उतरत उतरत सामान्य, किरकोळ आणि शेवटी 'असे असते तर बरे' अशी नुसती इच्छा. वरच्या तीन पायऱ्यांवरील चुका निस्तरल्याशिवाय नवी आवृत्ती सहसा बाहेर काढीत नाहीत. तीच चूक आधी कोणी कळवली असेल, तर तुमचे पत्र तिला जोडले जाते. त्यात अपमान मानू नये. दुसरा साक्षीदार मिळाला, की खटल्याला बळच येते.

या नोंदवह्यांत विनोदही घडतात. उबुंटूचे प्रवर्तक मार्क शटलवर्थ यांनी ऑगस्ट २००४ मध्ये स्वतःच चूक क्रमांक एक नोंदवली. ती कोणती? संगणकाच्या बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वांत मोठा आहे, ही! फोन आणि टॅब्लेट आल्यावर चित्र पालटले, असे सांगून त्यांनी मे २०१३ मध्ये ती निकालात काढली.

दुरुस्तीच जेव्हा चूक होते

परंतु तक्रार झाली, दुरुस्ती झाली आणि प्रश्न मिटला, इतके हे सोपे नाही. डेबियनमध्येच घडलेली एक कथा सांगतो. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांसाठी 'ओपन-एसएसएल' ही आज्ञावली कुलपे-किल्ल्या तयार करते. किल्ली कोणाला ओळखता येऊ नये, म्हणून ती घडवताना यदृच्छेचा, म्हणजे फाशांसारख्या बेभरवशाच्या आकड्यांचा, वापर करतात. चुका हुडकणाऱ्या एका साधनाने या आज्ञावलीतील काही ओळींवर बोट ठेवले. तेव्हा सप्टेंबर २००६ मध्ये त्या ओळी डेबियनच्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आल्या. कुरकुर थांबली. पण त्या ओळींतूनच फासे पडत होते! आता किल्लीत उरले काय, तर त्या क्षणी चालू असलेल्या कामाला यंत्राने दिलेला क्रमांक. असे क्रमांक फार तर ३२,७६८. म्हणजे प्रत्येक जातीच्या जेवढ्या किल्ल्या होत, त्या सगळ्या चोराने घरी बसून घडवून ठेवाव्यात, एवढ्या मोजक्या झाल्या.

लुसियानो बेल्लो या डेबियनच्याच कार्यकर्त्याच्या हे ध्यानात आले आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने ते जगजाहीर केले. ठिकठिकाणी जुन्या किल्ल्या मोडून नव्या घडवाव्या लागल्या. ताप उतरवणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे, हे आपण घरात म्हणतोच. पण डेबियनने हे प्रकरण दडपले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. करारातल्या त्या कलमाची कसोटी लागली, ती अशा वेळी.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

एरिक रेमंड या लेखकाने १९९७ साली असा विचार मांडला, की पाहणारे डोळे पुष्कळ असतील, तर कोणतीही चूक फार खोल दडून राहू शकत नाही. विचार आकर्षक आहे. पण डोळे असणे वेगळे आणि त्यांनी पाहणे वेगळे. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर असणाऱ्या 'बॅश' या आज्ञावलीत सप्टेंबर २०१४ मध्ये एक भयंकर चूक उघडकीस आली. ती १९८९ पासून तेथेच बसून होती. पंचवीस वर्षे दार सर्वांना उघडे होते. पण त्या कोपऱ्यात कोणी डोकावलेच नव्हते.

याच्या उलट गोष्ट २०२४ सालची. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा, पोस्टग्रेस या माहितीसंग्रहाच्या आज्ञावलीचा जाणकार. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्तीवर तो वेगाची मोजदाद करीत होता. दूरच्या यंत्रात शिरताना जी तपासणी होते, तिला पूर्वी ०.३ सेकंद लागे, आता ०.८ सेकंद लागत आहेत, असे त्याला दिसले. अर्धा सेकंद! आपण डोळ्याची पापणी दोनदा मिटवावी, एवढा काळ. पण तो त्या अर्ध्या सेकंदामागे लागला. माग काढता काढता तो 'एक्सझेड' नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या आज्ञावलीपाशी पोचला आणि तेथे त्याला चोरदरवाजा सापडला. ही चूक नव्हती. कोणी तरी बुद्ध्या रचलेला कट होता. ज्याच्याजवळ ठराविक किल्ली आहे, त्याला असंख्य यंत्रांत मागच्या दाराने शिरता यावे, अशी ती योजना. फ्रॉइंडने आधी जबाबदार मंडळींना खाजगीत कळवले आणि मग २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. विषारी आवृत्त्या नुकत्याच निघाल्या होत्या. मोठ्या वितरणांच्या पक्क्या आवृत्त्यांपर्यंत त्या पोचण्यापूर्वीच त्यांना अटकाव झाला.

यातली मनाला चटका लावणारी बाजू निराळीच आहे. ही आज्ञावली वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्या माणसाने, फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळली होती. 'जिया टॅन' असे नाव लावणारी व्यक्ती मदतनीस म्हणून आली आणि दोन-अडीच वर्षे चांगले काम करून तिने विश्वास संपादन केला. त्याच सुमारास अनोळखी नावांची पत्रे येऊ लागली: काम इतके रखडते का? तुम्हाला जमत नसेल, तर दुसऱ्याला का देत नाही? थकलेल्या माणसाने शेवटी या मदतनिसाच्या हाती बराचसा कारभार सोपवला. म्हणजे घर फोडण्यासाठी पहार वापरली गेली, ती तक्रारीच्या खोचक पत्रांची!

पत्रातील सौजन्याचा मुद्दा म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा नाही. लिनक्सवर पगारी काम करणारेही पुष्कळ आहेत. परंतु कित्येक लहानमोठ्या आज्ञावल्या आजही कोणी तरी रात्री मुले निजल्यावर दुरुस्त करीत असतो. 'फुकट दिले म्हणजे उपकार केले काय?' अशा भाषेतले पत्र त्याला पोचते, तेव्हा चूक दुरुस्त होत नाही. एक माणूस मात्र थोडा मोडतो. आणि चूक जर सुरक्षिततेची असेल, तर ती चावडीवर न मांडता आधी संबंधितांना खाजगीतच कळवावी. शेजाऱ्याचे कुलूप तुटके आहे, हे गल्लीत ओरडून सांगायचे नसते.

आपली मराठी

आता मराठी माणसाच्या वाट्याचे काम. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. एकात र डोक्यावर चढतो, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा निजतो. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही. मराठीला 'सुऱ्या', 'वाऱ्याने', 'कुऱ्हाड' लिहिताना पावलोपावली पडते. संगणकावर अक्षरांच्या अशा जोडण्या करण्याचे काम लिनक्समध्ये आणि अँड्रॉइडमध्ये 'हार्फबझ' नावाची मुक्त आज्ञावली करते. हे नावही फारसीतून आले आहे. हर्फ म्हणजे अक्षर, आपण 'हरफ' म्हणतो तेच. तिचा प्रमुख रचनाकार बेहदाद इस्फाबोद हा मूळचा इराणी.

ही आज्ञावली किंवा एखादा टंक पापणीच्या जागी रफार काढू लागला, तर ते कोणाला दिसणार? हेलसिंकीच्या किंवा टोरांटोच्या माणसाला दोन्ही आकृत्या सारख्याच परक्या. गंमत अशी, की ही पापणी संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येते. पडद्यावर दोन्ही एकसारख्या दिसतात, पण आतील लेखन निराळे. त्यामुळे एका तऱ्हेने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या तऱ्हेने शोधू गेल्यास सापडत नाही. शब्द डोळ्यांसमोर असतो आणि यंत्र म्हणते, नाही! उद्या मराठी ग्रंथांचे शोधसंग्रह तयार होतील, तेव्हा या एका पापणीपायी किती शब्द हरवतील, याचा विचार करावा.

अशी चूक दिसली, की आपण काय करतो? 'संगणकावर मराठी नीट येतच नाही' असा सुस्कारा टाकतो. भाषेच्या सभांतही आपण हाच सुस्कारा जरा अलंकारिक करून टाकतो. त्याऐवजी टंकाचे नाव, आवृत्ती, कोणता शब्द लिहिला, काय दिसायला हवे आणि काय दिसते, एवढे लिहून पडद्याचे चित्र जोडावे. इंग्रजी साधे असले तरी चालते. तेथे कोणी व्याकरणाचे गुण कापीत नाही. हे काम संगणकशास्त्राच्या पदवीधराचेच आहे, असेही नाही. ते ज्याला मराठी येते, त्याचे आहे.

माझ्या वर्गातील मुलांना मी सांगत असतो, की टीका करणे सोपे आणि मुद्रितशोधन करणे कठीण. टीकाकार पुस्तक वाईट आहे म्हणतो. मुद्रितशोधक सत्तेचाळिसाव्या पानावरची नववी ओळ दाखवतो. पुढची आवृत्ती सुधारते, ती बहुधा दुसऱ्यामुळे. दिवाळीच्या आधी आपण कोनाडे झाडतो, माळ्यावरचे डबे उतरवतो, खाटा उन्हात काढतो. त्याच उत्साहात, वर्षभर खुपत असलेली संगणकातली एखादी चूक, चार रकाने भरून, दोन गोड शब्द घालून, ज्याच्याकडे पोचवायला हवी त्याच्याकडे पोचवावी. ती दुरुस्त होईल तेव्हा होईल. पण त्या क्रमांकाखाली ती लिहिलेली राहील, आणि तोच त्रास होणाऱ्या पुढच्या माणसाला आपण एकटेच वेडे नाही, एवढा तरी दिलासा मिळेल.